भिशीसाठी चीज-बटाटा

मैत्रिणींनो, गेल्या भिशीला बाहेर हशा पिकला होता आणि मी आत भजी तळत होते! शाळेतून पाचला दमून आलेली बाई पाहुण्यांत बसणार तरी कधी? म्हणून या खेपेला स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतातल्या ‘राक्लेत’चा सोपा अवतार केला. तिकडे चीज विस्तवापुढे धरून त्याचा वितळलेला थर उकडलेल्या बटाट्यांवर खरवडून घालतात.

साहित्य : १२ लहान बटाटे, १०० ग्रॅम मोझरेला, ५० ग्रॅम प्रोसेस्ड चीज, लोणी, मिरपूड, कांदा, व्हिनेगर.

कृती : बटाटे सकाळीच सालासकट उकडून फ्रिजमध्ये ठेवावेत. कांदा पातळ चिरून मीठ-व्हिनेगरमध्ये मुरू द्यावा. आयत्या वेळी बटाट्यांचे दोन-दोन भाग करून लोण्यावर तांबूस परतावेत. चिरलेली बाजू वर करून दोन्ही चीज किसून घालावीत, मिरपूड भुरभुरावी. झाकण ठेवून मंद आचेवर चीज वितळू द्यावे. मीठ नको; चीज खारटच असते. नुसते मोझरेला गार झाले की चिवट होते, प्रोसेस्ड चीजमुळे मऊपणा टिकतो.

सोबत कांदा आणि आपली नाशिकची द्राक्षे. मी तवाच पाटावर आणून ठेवला आणि सगळ्यांत बसले. भजी कुणाला आठवलीसुद्धा नाहीत!