काचेच्या धाग्याला हक्काची वाट हवी

आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात काचेचा धागा, म्हणजे ऑप्टिकल फायबर, तयार होतो, हे शहरातल्याच अनेकांना ठाऊक नसते. वाळूज आणि शेंद्रा औद्योगिक वसाहतींत स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे कारखाने आहेत. सिलिकॉनच्या संयुगापासून अतिशुद्ध काचेचा जाड दांडा घडवायचा, सुमारे २००० अंश सेल्सिअसच्या भट्टीत त्याचे टोक मऊ करायचे आणि उंच मनोऱ्यावरून तो खाली ओढत न्यायचा. खाली येईपर्यंत त्याचा १२५ मायक्रॉन जाडीचा, केसाएवढा धागा होतो. इथले फायबर देशात आणि देशाबाहेरही जाते. इथल्याच गारखेड्यात, मुकुंदवाडीत, सिडको-हडकोच्या गल्ल्यांत मात्र हा धागा विजेच्या खांबांवरून, झाडांच्या फांद्यांवरून आणि गच्चीच्या कठड्यांवरून लोंबकळत घरी पोहोचतो. आपले नेट अडखळते त्याचे खापर तंत्रज्ञानावर फोडू नये. दोष शेवटच्या काही शे मीटरच्या वाटेचा आहे, आणि ती वाट नीट आखणे शहराच्या हातात आहे.

हे पटण्यासाठी धाग्याची ताकद समजून घ्यावी लागते. त्याच्या गाभ्याची जाडी जेमतेम ९ मायक्रॉन. गाभ्याच्या काचेत थोडे जर्मेनियम मिसळलेले असते, त्यामुळे आत शिरलेला प्रकाश बाहेर निसटत नाही, कडेला टेकून पुन्हा आतच वळतो. पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठवून दाखवली. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी सिद्धान्त मांडला, की प्रकाश वाटेत विरतो तो काचेतल्या अशुद्धीमुळे. काच शुद्ध करा, संदेश लांबवर जाईल. १९७०मध्ये कॉर्निंगने तशी काच बनवली आणि काव यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. आजच्या फायबरमध्ये योग्य तरंगलांबीचा प्रकाश १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा शिल्लक असतो. सरळ, अखंड धाग्यात त्याचे फारसे काही बिघडत नाही. तो गळतो वाकवलेल्या वळणावर, घाईत मारलेल्या जोडावर आणि धूळ बसलेल्या कनेक्टरमध्ये. म्हणजे धागा कोणत्या वाटेने नेला आणि कोणी जोडला, यावर सारे ठरते.

घरगुती जोडणी बहुधा जीपॉन पद्धतीची असते. केंद्रातून निघालेला एक धागा स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. मधल्या वाटेत विजेवर चालणारे काहीच नसते. म्हणून वीज गेली तरी घरचा राउटर आणि फायबरचा डबा छोट्या बॅकअपवर ठेवला की नेट चालू राहू शकते. या एका धाग्याची क्षमता घराकडे येताना सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट आणि घराकडून जाताना १.२५ गिगाबिट. बत्तीसही घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला, तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ७८ मेगाबिट येतात. तसे क्वचित घडते, म्हणून ही वाटणी योग्यच आहे. पण जाहिरातीतले ‘१०० एमबीपीएस’ ही कमाल मर्यादा असते, हमी नव्हे, हे लक्षात असू द्यावे. शिवाय हे आकडे बिटमध्ये असतात. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट.

जोडणी घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. धागा थेट घरात येणार, की इमारतीच्या डब्यापर्यंत येऊन पुढे तांब्याची वायर लागणार? घरातल्या फायबरच्या डब्यापर्यंत प्रकाश किती पोहोचतो? जोडणाऱ्याकडच्या मीटरवर आकडा दिसतो. तो उणे २७ डीबीएमच्या जवळ गेला असेल, तर जोडणी पहिल्या पावसातही कुरकुरू शकते, तेव्हा जोड पुन्हा मारून मागावा. आणि वेग मोजताना लॅपटॉप आधी लॅन केबलने राउटरला जोडावा. पुष्कळदा फायबर निर्दोष असते आणि वेग घरातल्या दोन भिंतींमध्ये अडकलेला असतो.

उद्योगांचे गणित वेगळे आहे. वाळूज, चिकलठाण्यातला लघुउद्योजक दिवसभर ड्रॉइंग पाठवतो, जीएसटीची बिले आणि ई-वे बिल काढतो. नेट गेले की भरलेली गाडी दारात उभी राहते. त्याला डाउनलोडपेक्षा अपलोड महत्त्वाचे आणि वेगापेक्षा सातत्य महत्त्वाचे. लीज लाइन महाग असते, कारण तिच्यात दोन्ही दिशांना सारखा आणि कोणाशीही न वाटलेला वेग मिळतो, तसेच दुरुस्तीची मुदत करारात लिहिलेली असते. करारातला ‘९९ टक्के’ हा आकडा मात्र तपासावा. ३० दिवसांच्या महिन्यात उरलेला एक टक्का म्हणजे ७ तास १२ मिनिटे. ९९.५ टक्के असेल तर ३ तास ३६ मिनिटे. दुसऱ्या कंपनीची जोडणी घेतली म्हणून निर्धास्त राहू नये. दोन्ही तारा एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येत असतील, तर जेसीबीचा एकच फटका दोन्ही तोडतो. दुसरी जोडणी दुसऱ्या रस्त्याने येते का, हे आधी विचारावे.

जेसीबीचा विषय आपल्या शहराला नवा नाही. जायकवाडीहून पाणी आणणारी नवी योजना १६८० कोटींची होती, पुढे ती २७४० कोटींवर गेली. डिसेंबर २०२० मध्ये तिचे भूमिपूजन झाले आणि मुख्य जलवाहिनीबरोबर गल्लोगल्ली चर खणले गेले. पाणी आधी हवे, याबद्दल दुमत नाही. ज्या शहरात नळाची वाट दिवसचे दिवस पाहावी लागते, तिथे चर खणायलाच हवेत. पण खणायचेच आहे, तर त्याच वेळी फायबरसाठी रिकामे डक्टही का टाकू नयेत? मुख्य जलवाहिनीचा व्यास अडीच मीटर, काचेचा धागा त्याच्या वीस हजारावा भाग. त्याला जागा किती लागणार? जलवाहिनीपासून योग्य अंतर ठेवून प्लास्टिकचे दोन-तीन पाइप आणि ठरावीक अंतरावर चेंबर, एवढे पुरते.

हे इथेच करून दाखवलेले आहे. शेंद्र्याच्या ऑरिक औद्योगिक नगरीत वीज, पाणी आणि फायबर यांच्या वाटा रस्त्यांबरोबरच जमिनीखाली आखल्या आहेत. आणि मलिक अंबरने सतराव्या शतकात याच शहरात नहर-ए-अंबरी जमिनीखालून नेली, तेव्हा ती साफ करण्यासाठी जागोजागी उतरण्याची सोय ठेवली होती. वाहिनी पुरायची तर तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाटही ठेवायची, हे शहाणपण या मातीत चार शतके जुने आहे.

कायद्याचाही आधार आहे. दूरसंचार कायदा २०२३ मध्ये सामाईक डक्टची तरतूद आहे आणि मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. खोदण्याआधी जमिनीखाली कोणाची वाहिनी आहे ते कळावे, म्हणून मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू झाले. महापालिकेने ठेकेदाराच्या प्रत्येक खोदकाम परवान्यात या ॲपवरची नोंद सक्तीची करावी. नोंद न करता केबल तोडली, तर भरपाई ठेकेदाराच्या बिलातून कापावी.

डक्टचा खर्च कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे. डक्ट महापालिकेचे असावेत आणि सर्व कंपन्यांना एकाच दराने भाड्याने द्यावेत. खर्च हळूहळू वसूल होईल, प्रत्येक कंपनीला वेगळा रस्ता फोडावा लागणार नाही आणि लहान केबलवाल्यालाही मोठ्या कंपनीइतकीच जागा मिळेल. सगळ्या गल्ल्या एकदम घ्यायलाही नकोत. ज्या मुख्य रस्त्यांचे डांबरीकरण किंवा काँक्रिटीकरण अजून बाकी आहे, तेवढ्यांपासून सुरुवात करावी. एकदा काँक्रीट पडले की तो रस्ता पुन्हा फोडणे म्हणजे करदात्याचे पैसे दुसऱ्यांदा मातीत घालणे. म्हणून प्रभागात रस्त्याचे काम मंजूर होईल तेव्हा नागरिकांनी आणि उद्योजक संघटनांनी अंदाजपत्रक मागून पाहावे. त्यात डक्टची ओळ नसेल, तर काम सुरू होण्याआधी ती लेखी मागावी.