शेजाऱ्याचे कर्ज, लुइशमला दंड

आपत्कालीन रुग्णसेवा मोठ्या रुग्णालयात एकवटताना राज्यकर्ते गुणवत्तेची भाषा बोलतात. हिशेब मात्र पुष्कळदा कर्जाचा असतो. दक्षिण लंडनमधील लुइशम येथे २०१३ साली जे घडले, ते याचे बोलके उदाहरण होय.

लुइशमचे सरकारी रुग्णालय दिवाळखोर नव्हते. दिवाळे निघाले होते ते शेजारच्या साउथ लंडन हेल्थकेअर ट्रस्टचे. या ट्रस्टची वूलिच व फार्नबरो येथील रुग्णालये खाजगी भांडवलातून उभारलेली होती. इमारत कंपनीने बांधावी आणि सार्वजनिक तिजोरीने तिचे हप्ते दशकानुदशके फेडावेत, अशी ही योजना. १९९२ साली हुजूर पक्षाने ती आणली व १९९७ नंतर मजूर पक्षाच्या सरकारने ती हिरिरीने राबविली. समाजवाद्यांनी हे सत्य झाकण्याचे कारण नाही. ट्रस्टचा तोटा आठवड्याला सुमारे १० लाख पौंडांवर गेला आणि जुलै २०१२ मध्ये तेथे विशेष प्रशासक नेमण्यात आला.

त्याने सुचविलेल्या उपायात लुइशमचा पूर्ण क्षमतेचा आपत्कालीन विभाग व प्रसूतिविभाग यांवर कुऱ्हाड होती. ज्यांनी कर्ज काढले नव्हते, त्यांच्या दारातून डॉक्टर उठविला जाणार होता. जानेवारी २०१३ च्या अखेरीस आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनी किरकोळ फेरफारांसह ही योजना स्वीकारली.

केंद्रीकरणाच्या समर्थकांचा एक युक्तिवाद मान्य केला पाहिजे. २०१० साली लंडनमध्ये पक्षाघाताचे तातडीचे उपचार आठ विशेष केंद्रांत एकवटले आणि त्यानंतर मृत्यूंचे प्रमाण घटले. परंतु एका विशिष्ट आजाराचा हा अनुभव सर्वच आपत्तींना लागू करणे म्हणजे शास्त्राच्या नावाने काटकसर खपविणे होय. शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जीव धोक्यात असलेल्या रुग्णांच्या बाबतीत अंतर १० किलोमीटरने वाढले की शंभरामागे सुमारे एक मृत्यू अधिक होतो, असे आढळले. श्वसनाचे विकार असणाऱ्यांना ही झळ अधिक बसते. दम्याने गुदमरणारे मूल तज्ज्ञांच्या संख्येवर जगत नाही. त्याला प्राणवायू वेळेवर मिळावा लागतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही ही बचत फसवी आहे. विभाग बंद केल्याने खर्च नाहीसा होत नाही, तो रुग्णालयाच्या खातेवहीतून कुटुंबाच्या खिशात उतरतो. टॅक्सीचे भाडे, बुडालेली मजुरी, वृद्ध आईला भेटण्यासाठी बदलाव्या लागणाऱ्या दोन-दोन बसगाड्या यांची नोंद कोणत्याच ताळेबंदात होत नाही. ज्याच्या घरी मोटार आहे त्याला अंतर थोडे जाणवते. ज्याच्या घरी ती नाही, त्याच्यावर हा अप्रत्यक्ष करच असतो.

लुइशमच्या जनतेने हा कर नाकारला. जानेवारी २०१३ मध्ये हजारो नागरिक रस्त्यावर उतरले. डॉक्टर, परिचारिका, कामगार संघटना आणि नगरपरिषद एकत्र आली. ३१ जुलै रोजी उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, एका ट्रस्टसाठी नेमलेल्या प्रशासकाच्या अहवालावरून दुसऱ्या ट्रस्टच्या रुग्णालयावर असा हात टाकण्याचा अधिकार मंत्र्यांना नाही. ऑक्टोबरमध्ये अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. विभाग वाचला.

तथापि सरकारने यातून घेतलेला धडा उलटाच होता. २०१४ च्या 'केअर ॲक्ट'मध्ये प्रशासकाचे अधिकार वाढवून शेजारच्या रुग्णालयांपर्यंत नेण्यात आले. न्यायालयात हरलेला डाव संसदेतील बहुमताने फिरविला गेला!

म्हणून कोर्टातील विजयावर विसंबून राहणे परवडणारे नाही. रुग्णालय किती दूर असावे, हा निर्णय ज्यांना ते अंतर तोडायचे आहे त्यांच्या संमतीवाचून होता कामा नये, असे कायद्यातच लिहून घेतले पाहिजे. सावकाराचा हप्ता करारात सुरक्षित असतो. रुग्णाच्या जीवितालाही तेवढेच संरक्षण मिळाले पाहिजे, ही मागणी अवास्तव कशी म्हणता येईल?