रस्ता कोणाचा?

दिल्ली आणि तिच्या भोवतालची नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुरुग्राम ही नगरे आज रस्त्यांच्या विशाल जाळ्याने जोडली गेली आहेत. रुंद महामार्ग, उड्डाणपूल आणि त्यांवरून भरधाव धावणारी वाहने पाहिली की प्रगतीचे हे दृश्य डोळ्यांत भरते. परंतु याच रस्त्यांच्या कडेने भल्या पहाटे एक दुसरी वाहतूक सुरू झालेली असते. सायकलच्या हँडलला जेवणाचा डबा अडकवून कारखान्याकडे निघालेला कामगार, चार घरची कामे करण्यासाठी झपाझप चालणारी स्त्री, भाजीची हातगाडी ढकलणारा विक्रेता, दप्तर सावरत रस्ता ओलांडू पाहणारी मुले. शहराचा दिवस खऱ्या अर्थाने हीच माणसे सुरू करतात. रस्त्याच्या आराखड्यात मात्र यांची जागा शोधूनही सापडत नाही.

ही माणसे संख्येने थोडी आहेत, असेही नाही. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचे साधन कोणते, हा प्रश्न विचारण्यात आला. शेतीबाहेर काम करणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक पायी किंवा सायकलने कामावर जातात, असे त्यातून दिसून आले. स्वतःच्या मोटारीने जाणारे त्या मानाने फारच थोडे होते. शिवाय बसने किंवा मेट्रोने जाणारा प्रत्येक प्रवासी घरापासून थांब्यापर्यंत आणि थांब्यापासून कामापर्यंत पादचारीच असतो.

या उपेक्षेची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी जवळजवळ एक पंचमांश पादचारी होते. दिल्लीत तर रस्त्यावर मरणाऱ्या दर शंभर माणसांमध्ये सुमारे चाळीस पादचारी असतात. अशा मृत्यूंना आपण ‘दैव’ म्हणून मोकळे होतो. वास्तविक त्यांची कारणे शोधता येतात आणि ती दूरही करता येतात. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या वाहनाची धडक बसलेला माणूस बहुधा वाचतो. वेग ५० च्या पुढे गेला की त्याच्या मृत्यूचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. म्हणजेच वस्तीतून, शाळेसमोरून आणि बाजारातून जाणाऱ्या रस्त्यावर वाहनांना किती वेग घेता यावा, हे ठरविणे म्हणजे तेथे किती माणसे जगावीत, हे ठरविणे होय.

रस्त्याच्या रचनेविषयी नियम नाहीत, असेही म्हणता येत नाही. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे मानक सांगते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पदपथ गुडघ्याएवढा उंच असतो; त्यावर मध्येच विजेचा खांब, रोहित्र किंवा उभी केलेली मोटार आढळते आणि काही पावलांनंतर तो नाहीसाच होतो. मग पादचारी रस्त्यावर उतरतो आणि आपण त्याला बेशिस्त ठरवतो. रस्ता ओलांडण्यासाठी उंच पादचारी पूल बांधले जातात. पण वृद्ध माणसाने, गर्भवती स्त्रीने, डोक्यावर ओझे घेतलेल्या हमालाने किंवा चाकांच्या खुर्चीतील व्यक्तीने त्या पायऱ्या कशा चढाव्यात? वाहनाला क्षणभर थांबावे लागू नये म्हणून माणसाला दोन मजले चढावयास लावणे, हा कसला न्याय?

फेरीवाल्यांनीच पदपथ अडविले आहेत, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. काही ठिकाणी तो खराही असतो. परंतु २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने यावर मार्ग दाखविला आहे. विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेल्या नगर विक्रेता समितीच्या शिफारशीने त्यांच्या जागा निश्चित व्हाव्यात, असे हा कायदा सांगतो. रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या स्त्रीला निर्मनुष्य पदपथापेक्षा दिवे आणि दुकाने असलेला पदपथच सुरक्षित वाटतो, हेही विसरता कामा नये.

मग सर्व काही कळत असूनही रस्ते बदलत का नाहीत? याचे उत्तर दिल्लीतील दोन घटनांमध्ये सापडते.

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्याच्या जागेचे वाटप करताना वाहनांपेक्षा माणसांना केंद्रस्थानी मानले. याच विचाराने २००८ साली दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका आली आणि तिच्या जोडीला सायकलसाठी मार्ग व पदपथही आले. या योजनेत दोष होते. बसथांबे रस्त्याच्या मधोमध होते आणि चौकांतील सिग्नलवर वाहनांच्या लांब रांगा लागत. पण दोष दुरुस्त करता आले असते. मोटारचालकांची नाराजी मात्र वृत्तपत्रांपासून न्यायालयापर्यंत पोहोचली. बसची मार्गिका इतर वाहनांना खुली करावी, ही याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली. तरीही २०१६ मध्ये ही मार्गिका मोडून टाकण्यात आली. त्या रस्त्यावरून बसने, सायकलने आणि पायी जाणारे लोक मोटारीतील लोकांपेक्षा अधिक होते. परंतु त्यांचा आवाज विखुरलेला होता.

दुसरी घटना सायकलरिक्षांची आहे. दिल्ली महानगरपालिकेने शहरातील सायकलरिक्षांच्या परवान्यांवर ९९,००० ची मर्यादा घातली होती. मोटारींवर अशी कोणतीच मर्यादा नव्हती. या अन्यायाविरुद्ध ‘मानुषी संघटन’ न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मर्यादा रद्द केली. रिक्षा ओढणारा एकटा माणूस हे करू शकला नसता. त्याच्या मागे संघटना उभी राहिली, तेव्हाच त्याचे म्हणणे ऐकले गेले.

या दोन घटनांची तुलना केली, तर एक गोष्ट स्पष्ट होते. केवळ बहुसंख्य असल्याने हक्क मिळत नाही. तो संघटितपणे मागावा लागतो आणि मिळाल्यावर जपावाही लागतो. १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर मुलांचे बळी जाऊ लागले, तेव्हा त्यांचे आईवडील रस्त्यावर उतरले. आज तो देश सायकलींसाठी जगात ओळखला जातो. त्यामागे त्या पालकांचा आग्रह आहे. गुरुग्राममध्ये, म्हणजे तेव्हाच्या गुडगावात, नोव्हेंबर २०१३ मध्ये नागरिकांच्या पुढाकाराने ‘राहगिरी’ हा उपक्रम सुरू झाला. रविवारी सकाळी काही रस्ते वाहनांसाठी बंद ठेवून ते चालणाऱ्यांना, सायकलस्वारांना आणि खेळणाऱ्या मुलांना खुले करण्यात आले. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यानेही डिसेंबर २०२१ मध्ये लक्ष्मी रस्त्यावर ‘पादचारी दिन’ पाळला. अशा उपक्रमांचे मोल आहेच. परंतु कामगाराला सुरक्षित रस्ता एका दिवसापुरता नव्हे, तर रोज हवा असतो.

आता कायद्याचे बळही पादचाऱ्यांच्या बाजूने आहे. पदपथाचा वापर करण्याचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. अपंग व्यक्तींनाही पदपथ वापरता आले पाहिजेत, असेही न्यायालयाने सांगितले. तथापि निकालपत्रातील हक्क आपोआप आपल्या गल्लीत उतरत नाही. त्यासाठी वस्तीतील लोकांनी एकत्र यावे, आपल्या भागातील पदपथ टेपने मोजावा, शाळेजवळ रस्ता ओलांडताना मुलांना किती वेळ थांबावे लागते याची नोंद करावी आणि ती नोंद सह्यांसह नगरसेवकाकडे व पालिकेच्या कार्यालयात द्यावी. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराचा वापर करावा. या कामाला पदवी लागत नाही, चिकाटी लागते.

रस्ता ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो मोटारीत बसणाऱ्याच्या पैशातून जसा बांधला जातो, तसाच साबण विकत घेताना कर भरणाऱ्या मजुराच्या पैशातूनही बांधला जातो. म्हणून ‘मला वाट द्या’ ही पादचाऱ्याची विनंती नाही. तो त्याच्या हिश्श्याचा प्रश्न आहे. ज्या शहरात लहान मूल शाळेत आणि म्हातारी आजी बाजारात निर्धास्तपणे पायी जाऊन परत येऊ शकेल, तेच शहर खरे प्रगत म्हणावे लागेल.