सोळाव्या वर्षी नाकारलेला मुलगा

१८ मे २०२५ रोजी लेस्टरच्या मैदानावर जेमी वार्डी याने इप्सविच टाऊनविरुद्ध गोल केला. लेस्टर सिटी क्लबासाठी तो त्याचा ५००वा सामना होता आणि गोल २००वा. तेरा वर्षांच्या सेवेनंतरचा हा निरोप इतका नेटका होता की, एखाद्या कादंबरीकाराने तो कल्पिला असता तर समीक्षकांनी त्याचे कान उपटले असते. या आकड्यांचे कौतुक पुष्कळ झाले. आमचे लक्ष मात्र त्या तेरा वर्षांच्या आधीच्या काळाकडे जाते.

१९८७ साली शेफील्ड येथे जन्मलेला वार्डी शेफील्ड वेन्सडे या नामांकित क्लबाच्या युवक पथकात घडत होता. अंगकाठी लहान, म्हणून सोळाव्या वर्षी त्याला घरी पाठविण्यात आले. पुढे तो शेफील्डजवळच्या स्टॉक्सब्रिज या पोलादाच्या गावच्या क्लबात खेळू लागला. इंग्लिश फुटबॉलची ती आठवी श्रेणी. मानधन आठवड्याला ३० पौंड. पोटासाठी तो एका कारखान्यात रुग्णांचे हातपाय बांधण्याच्या पट्ट्या घडवीत असे.

त्या दिवसांतील एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मारामारीच्या गुन्ह्याबद्दल त्याला शिक्षा झाली आणि पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधण्यात आला. ठरल्या वेळेच्या आत घर गाठण्यासाठी दूरगावचा सामना सुमारे तासभर खेळून तो मैदान सोडीत असे. बहिऱ्या मित्राची कुचेष्टा करणाऱ्यांशी आपण भांडलो, असे त्याचे म्हणणे. पुढे २०१५ साली एका पूर्व आशियाई गृहस्थाला उद्देशून काढलेल्या वांशिक अपशब्दांबद्दल त्याला क्षमा मागावी लागली व क्लबाने दंडही केला. त्या क्लबाचे मालक थायलंडचे होते, हा योगायोग बोलका आहे. वार्डीला साधुपुरुष ठरविण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही.

प्रश्न आहे तो त्या मुलाला परतीची वाट कशी सापडली, हा. इंग्लंडमधील फुटबॉलची रचना शिडीसारखी आहे. हंगामाअखेर प्रत्येक श्रेणीतील वरचे संघ वर चढतात, तळाचे खाली उतरतात. सर्वोच्च श्रेणीही त्याला अपवाद नाही. त्यामुळे आठव्या श्रेणीत पडणारे गोल सातव्या श्रेणीच्या व्यवस्थापकाला पाहावेच लागतात, कारण पुढच्या वर्षी तो संघ त्याच्यासमोर उभा ठाकू शकतो. २०१० साली हॅलिफॅक्सने वार्डीला उचलले आणि तो संघ एक पायरी चढला. २०११ साली तो पाचव्या श्रेणीतील फ्लीटवूडकडे गेला; तेथे एका हंगामात त्याने ३१ लीग गोल केले आणि फ्लीटवूडला प्रथमच फुटबॉल लीगचे दार उघडले. मे २०१२ मध्ये लेस्टरने त्याच्यासाठी दहा लाख पौंड मोजले. लीगबाहेरच्या खेळाडूला एवढी किंमत त्यापूर्वी कोणी दिली नव्हती.

पहिले वर्ष फसले. खेळ सोडून द्यावा, असेही त्याच्या मनात आले. व्यवस्थापक नायजेल पिअर्सन यांनी समजूत घालून त्याला थांबविले. पुढे २०१५-१६ चा तो हंगाम आला. आरंभी सट्टेबाजांनी ज्याच्या विजेतेपदावर एकास पाच हजार भाव दिला होता, त्या लेस्टरने प्रीमियर लीग जिंकली. वार्डीने ओळीने ११ सामन्यांत गोल करून नवा विक्रम केला व हंगामात २४ गोल नोंदविले. २०१९-२० मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाराही तोच ठरला.

ही शिडी निर्दयही आहे. तोच लेस्टर २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये खाली घसरला. कालचा विजेता म्हणून त्याची कोणी गय केली नाही.

आपल्याकडे काय घडले? २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये जागा मिळाली ती मैदानावरच्या गुणांनी नव्हे, फ्रँचाइझीचे शुल्क भरून. तिला देशाची सर्वोच्च लीग करण्याचा आराखडा २०१६ मध्ये पुढे येताच धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून निषेधपूर्वक अंग काढून घेतले. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या धेंपोला आपल्याच देशात वर चढण्याची वाट उरली नव्हती. खालून वर येण्याचे दार अखेर २०२३ मध्ये पंजाब एफसीसाठी प्रथम उघडले. वरून खाली उतरण्याची सक्ती मात्र त्या लीगच्या पहिल्या दशकात कोणावरच नव्हती. ज्याला पडण्याचे भय नाही, तो गावोगावची मैदाने कशाला धुंडाळील?

गोमंतकात भात कापून झालेल्या शेतांतही चेंडू उडतो, आणि प्रो लीगच्या खाली श्रेणीही आहेत. तेव्हा आमची मागणी साधी आहे. युवक पथकातून वगळलेल्या मुलांची नोंद फुटबॉल संघटनेने ठेवावी, आणि मोठ्या क्लबांनी आपले निरीक्षक तिसऱ्या श्रेणीच्या सामन्यांनाही पाठवावेत. वार्डीने स्वतः २०१७ साली लीगबाहेरच्या खेळाडूंना आठवडाभर एकत्र आणून क्लबांच्या निरीक्षकांपुढे खेळविले. त्यांतील काहींना करार मिळाले. त्याला फार मोठा खर्च लागत नाही.