अवघ्या दहा मिनिटांचा न्याय

न्यायासन मांडले म्हणजे न्याय झाला, असे समजू नका. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यात जॉर्ज स्टिनी या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलावर दोन गोऱ्या मुलींच्या खुनाचा आरोप आला. 24 एप्रिल 1944 रोजी खटला सुरू झाला आणि त्याच दिवशी आटोपला. ज्यूरीतील सारे गोरे. त्यांना निर्णयास दहा मिनिटे पुरली. बचावाच्या वकिलाने एकही साक्षीदार आणला नाही, अपीलही केले नाही. 16 जूनला त्या पोराला विजेच्या खुर्चीत बसवून ठार करण्यात आले. सारे पंच एकाच आळीचे असता निकाल कसा लागतो, हे तुम्हांस कोणी शिकवावयास नको!

शहाणे म्हणतात, दोष ज्यूरीचा, शिक्षेचा नव्हे. ठीक. तुरुंगात डांबलेल्या निरपराध्यास दार तरी उघडून देता येते. 2014 साली न्यायालयाने जॉर्जची शिक्षा रद्द ठरविली. ते दार कोणासाठी उघडले? 1949 साली घटना समितीत फाशीवरील अपिलांची चर्चा चालली असता, ही शिक्षाच नाहीशी करावी, असे मत बाबासाहेबांनी मांडले होते. दक्षिण कॅरोलिनाच्या कायद्यात मात्र ती खुर्ची अजून आहे.