जुनेपणाचा रंग आणि खरी तारीख

पेढीच्या गादीमागील भिंतीवर आजोबांचे तपकिरी छायाचित्र असते. त्याशेजारी वडिलांचे, मोबाइलवर टिपलेले, झगझगीत छायाचित्र लावले की ते परके वाटते. मग नातू संगणकापुढे बसतो आणि नव्या छायाचित्राला जुन्या फिल्मचा रंग चढवू पाहतो. पिढ्या एका ओळीत शोभाव्यात, ही इच्छा रास्तच आहे. परंतु तयार फिल्टरचे बटण दाबले की चेहरा पिवळा पडतो, त्यावर खोटे ओरखडे उमटतात आणि ओळखीचा माणूस त्यामागे हरवतो. जुनेपणा कशाने येतो, हे आधी जाणले पाहिजे.

तपकिरी रंग हा नेहमीच वयाचा डाग नसतो. सेपिया प्रक्रियेत छायाचित्रातील चांदीचे रूपांतर सिल्व्हर सल्फाइडमध्ये केले जाई. हे संयुग अधिक टिकाऊ असते. म्हणजे आज जी जीर्णतेची खूण मानली जाते, ती पुष्कळदा चित्र दीर्घकाळ टिकावे म्हणून केलेली तजवीज होती. याउलट 1960-70 च्या दशकांतील अनेक रंगीत छायाचित्रे आज तांबूस दिसतात, कारण त्यांतील निळसर-हिरवा रंग इतरांच्या आधी विटला.

फिल्मवरील बारीक कणांनाही कारण आहे. 1871 साली रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरांनी चांदीचे क्षार जिलेटिनच्या थरात धरून ठेवण्याची युक्ती सुचवली. पुढे फिल्म त्याच पायावर उभी राहिली. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ ही त्याच परंपरेतली. जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून निघते. संगणकावर कणांचा तोच आभास निर्माण करताना त्याची गरज पडत नाही, हे अहिंसेचा विचार करणाऱ्या घराला लक्षात घेण्याजोगे आहे.

प्रत्यक्ष काम थोड्या पायऱ्यांत होते. प्रथम मूळ फाइलची प्रत करावी व बदल प्रतीवरच करावेत. मोबाइलने आणलेली अतिरिक्त तीक्ष्णता कमी करावी. सुरकुत्या मात्र पुसू नयेत. मग काळ्या रंगाची गडदता किंचित उतरवावी आणि पांढऱ्याची झळाळी मऊ करावी. त्यानंतर तपकिरी छटा हलक्या हाताने द्यावी. शेजारच्या जुन्या चित्राशी ताडून पाहिल्यास प्रमाण चुकत नाही. कण सर्वांत शेवटी, छपाईचा आकार ठरल्यावर घालावेत, कारण नंतर आकार बदलला तर कणही लहानमोठे होतात. ते मधल्या छटांत अधिक आणि शुभ्र भागात कमी दिसावेत. ओरखडे व डाग टाळावेत. ती हेळसांडीची खूण आहे, जपलेल्या चित्राचा तो गुण नव्हे.

एवढे झाल्यावर चित्र भिंतीवर शोभते, पण एक काम उरते. व्यापारी आपल्या वहीत मागची तारीख घालीत नाही. जमा असो वा नावे, नोंद ज्या दिवसाची त्याच दिवसाची, यावर पेढीची पत उभी असते. नव्या छायाचित्राला जुना रंग देणे हे एका अर्थी मागची तारीख घालणेच होय. आज घरात सर्वांना खरे ठाऊक असते. पन्नास वर्षांनी ते सांगणारे कोणी नसेल, आणि पणतू ते चित्र पाहून वडिलांचा काळ आजोबांच्या काळात ढकलील. कुटुंबाचा इतिहास असाच, कोणाचाही वाईट हेतू नसताना, बिघडतो.

उपाय सोपा आहे. चौकटीच्या मागे नाव, गाव व छायाचित्र टिपल्याचे साल लिहावे आणि ‘रंग नंतर दिला’ एवढे शब्द जोडावेत. मूळ फाइल निराळी जपावी; तिच्यात टिपल्याची तारीख व वेळ नोंदलेली असते, आणि मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवताना ती बहुधा गळून पडते. आजोबांचे खरे जुने चित्र तर स्कॅन करून ठेवावे. सुधारणा करायची ती स्कॅनवर, मूळ कागदावर नव्हे.

रंग जुना असण्यास हरकत नाही. नोंद मात्र खरी असावी.