'संग्राम'च्या दाराशी

पनवेलच्या 'संग्राम' या घरी दि. बा. पाटील राहत. २०१३ मध्ये ते निवर्तल्यावर पुढाऱ्यांची पावले तिकडे वळतात, ती बहुधा हार घेऊन. नव्या मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी सरकारने घेतल्या, तेव्हा शेतकऱ्याला केवळ मोबदला नव्हे, विकसित भूखंडातही वाटा हवा, असे या वकिलाने ठणकावले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले; साडेबारा टक्क्यांच्या तत्त्वामागे ते रक्त आहे. विमानतळाला दिबांचे नाव हवे, हा आग्रह रास्तच. परंतु गावठाणाबाहेर वाढलेल्या घरांखालची जमीन भूमिपुत्रांच्या नावे करण्याचे काम वर्षानुवर्षे रखडले, त्याचे काय? त्या घरी जाणाऱ्या मंत्र्याने हाराऐवजी प्रलंबित मालकीपत्रांची यादी न्यावी, आणि तेथेच तारीख सांगावी.